‘अनलिमिटेड’च्या आड दडलेली उतरंड

जुलै २०२४ मध्ये रिलायन्स जिओ, भारती एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी अवघ्या दोन दिवसांत मोबाइलचे दर वाढविले. चर्चा झाली ती वाढीच्या टक्केवारीची. दरपत्रकाची रचना दुर्लक्षित राहिली आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

जिओच्या त्या दरपत्रकात २८ दिवसांसाठी १८९ रुपयांत एकूण २ जीबी डेटा होता, तर २९९ रुपयांत रोज दीड म्हणजे ४२ जीबी. कॉल दोन्हींत अमर्याद. याचा अर्थ वरचे ४० जीबी केवळ ११० रुपयांना पडतात. जाळे उभारण्याचा खर्च मोठा आणि पुढच्या प्रत्येक जीबीचा खर्च नगण्य, हा कंपन्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्रदृष्ट्या चुकीचा नाही. मात्र त्या रचनेत प्रवेशशुल्काचा भार कमी वापरणाऱ्यावर सर्वाधिक पडतो. ‘अनलिमिटेड’ हे विशेषण लागू होते ते प्रामुख्याने कॉलना. डेटाला रोजची मर्यादा असते, ती ओलांडताच वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि न वापरलेला डेटा मध्यरात्री बाद होतो. अमर्याद फाइव्ह-जी मिळते ते रोज दोन जीबी वा त्याहून मोठा पॅक घेणाऱ्यालाच, तेही तसा हँडसेट असल्यास. टप्पे गेलेले नाहीत, त्यांची नावे बदलली आहेत.

महाराष्ट्र मंडळामुळे रायपूरच्या मराठी समाजाला परिचित असलेल्या चौबे कॉलनीत निवृत्त कर्मचारी आणि भाड्याने राहणारा विद्यार्थी एकाच घरात असणे नवलाचे नाही. विद्यार्थ्याची व्याख्याने व्हिडिओवर, त्याला दीड जीबीही अपुरा. निवृत्ताला हवेत कॉल, बँकेचा ओटीपी आणि पुण्याहून आलेले नातवंडांचे छायाचित्र. तोही २९९ चाच पॅक घेत राहिला, तर २८ दिवसांच्या ‘महिन्या’मुळे वर्षात तेरा रिचार्ज, म्हणजे ३,८८७ रुपये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व एसएमएसचा किमान एक पॅक अनिवार्य केला. एअरटेलने जानेवारी २०२५ मध्ये तसा ८४ दिवसांचा पॅक ४९९ रुपयांना आणला. प्राधिकरणाने तपासणीची भाषा करताच तो ४६९ वर आला. वर्षभराचा पॅक १,८४९ रुपयांवर स्थिरावला. वर उल्लेखिलेल्या खर्चाच्या तुलनेत बचत २,०३८ रुपयांची, पण डेटा शून्य. घराबाहेर पडताच यूपीआय बंद. मधली पायरी मात्र ढासळतच गेली. रोज एक जीबी देणारा २४९ रुपयांचा पॅक एअरटेलने ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केला आणि जिओनेही आपला तसाच पॅक त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीतून काढला.

छत्तीसगडला हा विषय नवा नाही. रमणसिंह सरकारने २०१८ मध्ये संचार क्रांती योजनेतून महिला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन वाटले. हँडसेट मायक्रोमॅक्सचे, जोडणी जिओची. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे हेतूविषयी कुजबुज झालीच. डिसेंबरात सत्तांतर झाले आणि भूपेश बघेल सरकारच्या काळात वाटप थांबले. फोन एकदाच द्यायचा असतो, रिचार्ज दर महिन्याला. दुसऱ्या खर्चाचे उत्तर ना देणाऱ्यांकडे होते, ना थांबविणाऱ्यांकडे.

राज्य सरकारला येथे फारसा अधिकारही नाही. राज्य २००० मध्ये वेगळे झाले तरी दूरसंचार परवान्यांच्या नकाशात छत्तीसगड आजही मध्य प्रदेश परिमंडळाचाच भाग आहे. दर ठरविणे कंपन्यांवर सोपविण्याचे धोरण प्राधिकरणाने दोन दशकांहून अधिक काळ पाळले आहे. एका परिमंडळात सात-आठ स्पर्धक असताना ते योग्यच होते. आता खासगी स्पर्धक तीन उरले असून त्यांतील एक थकबाकीने जेरीस आलेला. अशा बाजारात दरांबाबतचे मौन तटस्थ राहत नाही, ते बलवानाच्या पथ्यावर पडते.

उरतो सरकारी पर्याय. दर न वाढविणाऱ्या बीएसएनएलकडे जुलै २०२४ या एकाच महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहक आले. पण फोर-जी जाळे अपुरे होते. वर्ष संपण्यापूर्वीच ओघ उलटा फिरला; स्वदेशी फोर-जीचे राष्ट्रव्यापी उद्घाटन झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये.