शेवटची सोबत

कामठीच्या छावणीत पहाटेचा बिगुल वाजला की आमचा मोत्या उठे, फाटकापाशी जाई आणि मान वर करून एकदाच भुंके. ही छावणी 1821 साली वसली. तेव्हापासून आमच्या गावाचा दिवस बिगुलाने उजाडतो, असे आजोबा म्हणत. मोत्याचाही दिवस तसाच उजाडे. त्याच्या त्या एका भुंकण्यावर आई चूल पेटवी आणि मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेई.

तेरा वर्षे हा क्रम चालला. कुत्र्याच्या आयुष्यात तेरा वर्षे म्हणजे पिकले वय. मोत्याच्या डोळ्यांवर निळसर पांढरी साय आली. मागचे पाय लटपटू लागले. बिगुल वाजला की तो पडल्या जागी नुसते कान हलवी. पुढे तेही थांबले. वैशाखात आमच्याकडे ऊन कसे पडते, ते विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. ओसरीवर ओले पोते अंथरून आम्ही त्याला निजवत असू. दूध-भाकरीची वाटी तो नुसती हुंगे. कूस बदलताना कळवळे, आणि जागा घाण झाली की ओशाळून मान फिरवी. त्या फिरवलेल्या मानेची आठवण मला आजही नकोशी वाटते.

एके दिवशी मला मावशीकडे नागपूरला धाडण्यात आले. तीन दिवसांनी परत आलो, तो ओसरीवर पोतेही नव्हते आणि वाटीही नव्हती. बाबा म्हणाले, "मोत्याला काकांच्या शेतावर ठेवला आहे. रामटेककडची हवा त्याला मानवेल."

मी विश्वास ठेवला. दिवाळीत आम्ही त्या शेतावर गेलो, तेव्हा बैलगाडीतून उतरताच मी संत्र्यांच्या बागेत धावत सुटलो आणि "मोत्या, मोत्या" अशा हाका घालू लागलो. काका बांधावर उभे होते. त्यांनी विचारले, "बाळ, कोणाला रे हाका मारतोस?" बाबा त्यांना सांगून ठेवायला विसरले होते.

मुलांनो, ही हकिकत सांगितली ती बाबांना दोष देण्यासाठी नव्हे. माझे मन दुखू नये म्हणूनच ते खोटे बोलले. पण त्या दिवशी बागेत मला जे दुःख झाले, ते मोत्याच्या मरणापेक्षा वेगळे होते. घरातली सगळी माणसे त्याला निरोप देऊन मोकळी झाली होती आणि मी एकटा सहा महिने त्याची वाट पाहत राहिलो होतो. म्हणून माझे मत असे आहे, की घरातल्या म्हाताऱ्या जनावराला वेदनेतून सोडवण्याची वेळ आली, तर ती गोष्ट मुलांपासून लपवू नये. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला रडता येते, तसे समजूनही घेता येते.

मग प्रश्न उरतो, तो त्या निर्णयाचाच. ज्याला आपण हाताने भरवले, त्याला आपणच मरण द्यावे काय? हा प्रश्न सोपा आहे असे जो म्हणेल, त्याने कुत्रा पाळलेला नसावा.

थोरामोठ्यांनाही या प्रश्नाने घेरले आहे. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू आजारी पडले. तेव्हा गांधीजी आमच्या विदर्भात, सेवाग्रामला, राहायला आलेले नव्हते. वासराला कूस बदलणेही असह्य झाले होते. उपचार चालू होते, पण आता इलाज नाही, असे जाणकारांनी सांगितले. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी विचारविनिमय केला. जो जीव आपल्याला निर्माण करता येत नाही, तो घेण्याचा आपल्याला काय अधिकार, असाही आक्षेप निघाला. अखेर डॉक्टरांना बोलावून, स्वतः समोर उभे राहून, त्यांनी त्या वासराला इंजेक्शन देवविले. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. अहिंसेच्या उपासकाने वासरू मारविले म्हणून टीकेचा आणि संतप्त पत्रांचा भडिमार झाला. गांधीजींनी तो सारा प्रकार लपवला नाही. स्वतःच्या पत्रात लेख लिहून त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्यांचे म्हणणे सर्वांना पटले असे नाही, आणि तुम्हांलाही पटलेच पाहिजे असे नाही. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आधी सेवा केली, उपाय हरले, मग विचार केला; आणि निर्णय घेतल्यावर ते तेथून निघून गेले नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. आमचे गाव लष्कराचे, त्यामुळे ती बातमी इथे पुष्कळ चर्चिली गेली. सुरुंग हुंगून काढणारे, जवानांच्या पुढे चालणारे लष्करी श्वान तुम्हांला ठाऊक असतील. मेरठला त्यांना शिकवण्याचे केंद्र आहे. सेवेला निरुपयोगी झालेल्या या श्वानांना औषध देऊन मरण दिले जाते, असे 2015 साली माहितीच्या अधिकारातून लोकांना कळले. लोक हळहळले, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आणि पुढे निवृत्त श्वानांना सांभाळण्याची व चांगल्या घरी देण्याची वाट धरली गेली. सुई तीच, औषधही तसेच. पण त्या वासराच्या बाबतीत प्रश्न होता, "याला किती दुखते?" आणि इथे प्रश्न होता, "याचा आपल्याला उपयोग किती?" या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हातारा कुत्रा राखण करत नाही, अंगाला वास येतो, ओसरी घाण करतो, ही कारणे त्याला मारण्याची नव्हेत. ती पाण्याची बादली उचलण्याची कारणे आहेत.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. "आम्हांला त्याच्यावाचून करमणार नाही" म्हणून विव्हळत्या जिवाला आठवडेच्या आठवडे ओढत ठेवणारी माणसेही मी पाहिली आहेत. ती प्रेमळ असतात. पण तीही स्वतःचाच विचार करत असतात. ज्याला जगवणे हेच क्रौर्य ठरेल, अशा प्राण्याला सोडवण्याची सोय आपल्या देशाच्या 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ठेवलेली आहे. मात्र ते काम पशुवैद्याचे आहे. सहसा तो आधी गुंगीचे औषध देतो, आणि प्राणी निजला की भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतो. त्यानंतर श्वास मंदावतो, थांबतो, आणि हृदयही थांबते.

कोणी म्हणेल, धर्मराजाने तर कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकले नाही. खरे आहे. पण धर्मराजाने नाकारले, ते त्याला सोडून जाणे. मलाही तेवढेच म्हणायचे आहे. पशुवैद्याच्या दारात कुत्र्याची साखळी दुसऱ्याच्या हाती देऊन घाईघाईने परतणारी माणसे असतात. त्यांना पाहवत नाही, हे मी समजू शकतो. परंतु त्या वेळी कुत्रा चारी दिशांना ओळखीचा वास शोधत असतो.

पुढे मी संसारी झालो आणि आमच्या घरी चिमणी नावाची कुत्री आली. तिलाही चौदाव्या वर्षी मोत्यासारखेच दुखणे जडले. नागपूरच्या पशुवैद्यांनी तिला दोनदा तपासून, आता औषधाचा उपयोग नाही, असे सांगितले. त्या रात्री मी माझ्या मुलीला जवळ बसवून सगळे सांगितले. ती तेव्हा सहावीत होती. ती खूप रडली, माझ्यावर रागावली, आणि सकाळी म्हणाली, "बाबा, मी तिच्यापाशी बसेन."

डॉक्टर आमच्या अंगणात आले. लिंबाच्या सावलीत चिमणीचे डोके मुलीच्या मांडीवर होते. सुई टोचली तेव्हा चिमणीने एकदा मान उचलली, मुलीचा हात हुंगला आणि मान पुन्हा खाली ठेवली. डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकले आणि मान हलवली.

मुलीने विचारले, "आता तिला दुखत नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

छावणीत संध्याकाळचा बिगुल वाजेपर्यंत आम्ही दोघे लिंबाखाली खड्डा खणत होतो. जमीन उन्हाने दगडासारखी झाली होती. मुलीने कुदळ काही माझ्या हाती दिली नाही.