मत एक, किंमत पाव! शोळिंगनल्लूरच्या कामगाराचा सवाल



'एक माणूस, एक मत, एक मूल्य' हे लोकशाहीचे ब्रीद आपण शाळेपासून ऐकत आलो. चेन्नईच्या दक्षिणेला शोळिंगनल्लूर नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. २०२१ च्या निवडणुकीत तेथील मतदारयादीत जवळजवळ सात लाख नावे होती. त्याच चेन्नईतील हार्बर मतदारसंघात ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. दोन्हीकडून आमदार एकेकच. म्हणजे हार्बरच्या एका मतदाराच्या तोडीला शोळिंगनल्लूरचे चार मतदार उभे करावे लागतात. हातात मत एक, पण त्याची किंमत पाव! यात कोणाचे मत स्वस्त झाले, हे पाहिले की हा प्रश्न कामगार चळवळीचा का आहे ते आपोआप कळते.

मद्रास दक्षिणचा वारसा

शोळिंगनल्लूर आज ज्या लोकसभा मतदारसंघात मोडते, तो पूर्वीचा 'मद्रास दक्षिण'. देशाच्या राजकारणात या मतदारसंघाला मान होता. १९५७ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी येथून निवडून आले. १९६७ मध्ये खुद्द सी. एन. अण्णादुराई येथून लोकसभेवर गेले आणि लगेच मुख्यमंत्री झाल्यामुळे त्यांनी ती जागा सोडली. पोटनिवडणुकीत मुरासोली मारन आले. १९७७ आणि १९८० मध्ये आर. वेंकटरामन विजयी झाले. पुढे राष्ट्रपती झालेल्या या गृहस्थांची सुरुवात कामगारांच्या वकिलीतून झाली होती आणि १९४९ मध्ये कामगार कायद्यावरचे नियतकालिकही त्यांनी सुरू केले होते. १९८४ व १९८९ मध्ये वैजयंतीमाला, तर १९९६ पासून सलग चार वेळा टी. आर. बालू येथून जिंकले. मद्रासचे चेन्नई झाले, तसे 'मद्रास दक्षिण' हे नावही गेले.

या सगळ्या काळात शोळिंगनल्लूर होते कुठे? शहराच्या वेशीबाहेर, एक खेडे म्हणून. २००० साली तारामणीत टायडेल पार्क उभे राहिले, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर एकामागून एक संगणक कंपन्या आल्या आणि खुद्द शोळिंगनल्लूरला सेझ झाले. २०११ मध्ये हा भाग महापालिकेत आला. काचेचे मनोरे दिसतात, पण त्यांच्या पोटात राबणारे हात दिसत नाहीत. संगणकासमोर रात्रपाळी करणारा तरुण, बारा तास दारावर उभा असलेला कंत्राटी पहारेकरी, सफाई कामगार, कँटीनचा पोऱ्या, कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर, मनोरे बांधायला परराज्यांतून आलेला बिगारी, हे सारे येथले रहिवासी.

दुसरा लोंढा तर हाकलूनच आणला गेला. कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठच्या झोपडपट्ट्या उठवल्या आणि माणसे ट्रकांत घालून कन्नगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम येथल्या वसाहतींत आणून टाकली. या तिन्ही वसाहती शोळिंगनल्लूर मतदारसंघात आहेत. घर गेले, जवळचे काम गेले, मुलांची शाळा गेली, याची चर्चा निदान झाली. मताचे वजनही त्याच ट्रकातून उतरले, याची नोंद कोणी घेतली? शहराच्या मध्यातून माणूस उचलायचा, सात लाखांच्या गर्दीत टाकायचा आणि म्हणायचे, तुझा मताधिकार शाबूत आहे!

रेषा २००१ ची, माणसे आजची

हे घडले कसे? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने मात्र एक वाट काढली. राज्याच्या जागांची संख्या तीच ठेवून आतील सीमा २००१ च्या जनगणनेप्रमाणे आखायच्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने त्या आखल्या आणि २००८ मध्ये त्या लागू झाल्या. त्यातूनच शोळिंगनल्लूर जन्मले. २०११ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली आणि अण्णा द्रमुकचे के. पी. कंदन जिंकले. २०१६ आणि २०२१ मध्ये द्रमुकचे एस. अरविंद रमेश आले. पक्ष बदलला, आमदार बदलला, रेषा तीच राहिली. ती आखताना हिशेबात धरलेली माणसे २००१ ची होती. कंपन्यांची आणि पुनर्वसन वसाहतींची खरी गर्दी त्यानंतर झाली.

नावे ठेवणाऱ्यांना उत्तर

'ही आयटीवाली मंडळी मतदानच करत नाहीत, मग वजनाची चिंता कशाला?' असे शहाणे लोक विचारतात. २०२४ मध्ये दक्षिण चेन्नईत मतदान निम्म्याहून थोडेसेच अधिक झाले, हे खरे आहे. पण का? भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्याचे नाव गावच्या यादीत राहते. पाळी सुटत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देते आणि रोजंदारीवाल्यालाही तो हक्क आहे. हे कलम मोडणाऱ्या मालकाला दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये! शिवाय 'गैरहजेरीने मोठे नुकसान होईल' अशा कामाला त्यातून सूट. मालकाच्या लेखी कोणत्या कामगाराच्या गैरहजेरीने नुकसान होत नाही?

दुसरे उत्तर जास्त धूर्त आहे. 'मतदारसंघ पुन्हा आखायचे म्हटले की दक्षिणेच्या जागा जातील, म्हणून गप्प बसा.' दक्षिणेची भीती खोटी नाही. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होता कामा नये. पण राज्याराज्यांतील वाटणी हा एक प्रश्न आणि एकाच राज्यातील, एकाच शहरातील विषमता हा दुसरा. ८७ व्या दुरुस्तीने दोन्ही वेगळे करून दाखवले आहेत. तमिळनाडूच्या २३४ जागा २३४ च राहिल्या आणि आतील रेषा मात्र बदलल्या. एकदा जमले ते पुन्हा का जमू नये? मोठ्या वादाच्या आड हा छोटा अन्याय लपवणे हा निव्वळ कावा आहे.

हे आपलेही दुखणे

चेन्नई दूर आहे, असे समजू नका. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चिंचवडला साडेसहा लाखांहून अधिक मतदार होते, पनवेलची संख्याही त्याच घरातली. मुंबईच्या वडाळ्यात ते दोन लाखांच्या थोडेसे वर होते. गिरण्या बंद झाल्या, चाळी पडल्या, माणूस खाडीपलीकडे गेला किंवा कारखान्यामागे चिंचवडला. जिथे कष्टकरी ढकलला जातो तिथे मत पातळ होते. नियम तोच.

इंग्लंडमध्ये १८३२ पूर्वी ओल्ड सॅरम या उजाड टेकडीचे मूठभर मतदार दोन खासदार पाठवत, आणि गिरण्यांच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. १८३८ मध्ये चार्टिस्ट कामगारांनी सहा मागण्यांची सनद मांडली. समान मतदारसंघ ही त्यांतली एक. म्हणजे ही मागणी कामगारांनीच जगाला शिकवली आहे, आपण ती विसरलो एवढेच.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक सरकारने १ मार्च २०२७ असा जाहीर केला. रेषा आखणाऱ्यांच्या बैठकीत बिल्डर असेल, पुढारी असेल. युनियन असणार आहे का? प्रत्येक संघटनेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात. जागांचा वाद बाजूला ठेवून राज्यांतर्गत सीमा समान करण्याचा ठराव करावा. पुनर्वसन वसाहती आणि कंपन्यांच्या दारांवर टेबल टाकून नावनोंदणी करावी. कलम १३५-ब चा दंड मालकाला चटका बसेल एवढा वाढवण्याची मागणी रेटावी.

मजुरीत पाव हिस्सा दिला तर आपण गेटवर उभे राहतो. मताचा पाव हिस्सा मुकाट्याने का घ्यायचा?