गंगापूर रोडवासीयांस जाहीर विनंती : आपले दस्तऐवज वाटेल त्याच्या हाती देऊ नका



अशोकस्तंभापासून आनंदवल्ली-सोमेश्वरपर्यंत पसरलेल्या आपल्या या रस्त्यावर रुग्णालये, शिकवणीवर्ग, व्यायामशाळा आणि गृहनिर्माण संस्था यांची दाटी झाली आहे. आणि यांपैकी कित्येक दारांत, येणारा कोणत्या कामासाठी आला आहे याचा विचारही न करता, त्याच्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स, मोबाइल क्रमांक आणि जन्मतारीख मागण्याचा प्रघात पडला आहे. कारण विचारावे तर ‘सगळेच देतात’ एवढेच उत्तर मिळते.

आधार क्रमांकाचे वाटप आपल्याच नाशिक विभागातील टेंभली या नंदुरबार जिल्ह्यातील गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाले, ते सरकारी साहाय्य गरिबाच्या पदरात थेट पडावे म्हणून. कोणत्याही फाटकावरील पहारेकऱ्याने त्याची प्रत गोळा करावी म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, १९५४ व १९६२ च्या निर्णयांतील विपरीत मत बाजूस सारून, खासगीपणा हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे असे एकमताने ठरविले. आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची मुभा देणारी तरतूदही मोडीत काढली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बँकांना व दूरध्वनी कंपन्यांना जी वाट मिळाली, तीही धारकाच्या राजीखुशीचीच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट व बिनशर्त असली पाहिजे, तिची सूचना मागणी केल्यास मराठीत मिळाली पाहिजे, आणि ती जितक्या सुलभतेने दिली तितक्याच सुलभतेने परत घेता आली पाहिजे. कसुरीबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनांच्या अंमलास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

या कायद्यात उणिवा आहेत. पुढच्याला मागच्याचा क्रमांक सहज वाचता येतो अशी, फाटकावर उघडी पडलेली कागदी नोंदवही, तिच्यातील मजकूर संगणकात चढेपर्यंत, त्याच्या कक्षेबाहेरच राहते. त्याहून गंभीर गोष्ट ही, की व्यापक लोकहितासाठी वैयक्तिक माहिती उघड करण्याची माहिती अधिकार कायद्याच्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमातीलच सवलत याच कायद्याने काढून टाकली. सामान्य माणसाच्या संरक्षणाची ढाल सरकारी अंमलदाराच्या हाती देणे हे आम्हांस सर्वथा अमान्य आहे.

पोलीस, न्यायालय वा करखाते यांनी कायद्यान्वये मागितलेली माहिती अवश्य द्यावी. इतरत्र प्रयोजन लेखी मागा. आधार द्यावेच लागले तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या आणि तिच्यावर प्रयोजन व तारीख लिहा. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती शिकवणीवर्गास देताना दुप्पट सावध राहा. आणि ३० सप्टेंबरपूर्वी भरणाऱ्या आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत असा ठराव मांडा, की अभ्यागताकडून नाव आणि कोणाकडे जायचे याखेरीज काहीही विचारले जाऊ नये, आणि फाटकावरील जुन्या नोंदवह्या सभासदांसमक्ष नष्ट कराव्यात.