कोकीळ कोणाला हाक मारतो?

दोस्तांनो,

परीक्षा तोंडावर आल्यात ना? गणिताचं पुस्तक पुढ्यात आणि कान मात्र खिडकीबाहेर, असं चाललं असेल. चालायचंच! फाल्गुन सरत आला की झाडांनाही वर्गात बसवत नाही. पळस पेटतो, पांगारा लाल होतो, कडुलिंबाला कोवळी पालवी फुटते. आणि एके दिवशी पहाटे, अजून नीट उजाडलेलंही नसतं, तेव्हा ती ओळखीची हाक येते. कुऽहू... कुऽहू...

या हाकेबद्दलच एक पत्र आलंय. धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीहून. लिहिणारी सातवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं तिनं बजावलंय, म्हणून आपण तिला ‘बेंबळीची मैत्रीण’ म्हणू या. ती लिहिते :

“काका, माझे आई-पप्पा दिवाळी झाली की ऊसतोडीला गेले. घरी मी आणि आजी. आता आमच्या दारातल्या लिंबावर सकाळी सकाळी कोकिळा ओरडायला लागली. पुस्तकात लिहिलंय की वसंत ऋतूत कोकिळा आनंदाने गाते. मग ते ऐकून मला रडू का येतं? लई एकटं वाटतं. माझं काही चुकतंय का?”

नाही गं पोरी, तुझं काही चुकत नाही. चुकलं असेल तर ते आम्हा मोठ्यांचं. पक्ष्याला न विचारताच आम्ही पुस्तकात लिहून टाकलं, की तो आनंदानं गातो!

तर आधी त्या पक्ष्यालाच विचारू या.

पहिली गंमत म्हणजे, ‘कोकिळा गाते’ हेच मुळात बरोबर नाही. ‘कुहू’ करतो तो नर, म्हणजे कोकीळ. चकचकीत काळा आणि लालभडक डोळ्यांचा. मादी, म्हणजे खरी कोकिळा, तपकिरी असते आणि अंगावर पांढरे ठिपके असतात. तिचा आवाज ‘किक्‌-किक्‌-किक्‌’ असा, घाईघाईचा.

दुसरी गंमत, कोकीळ वसंतात कुठून तरी एकाएकी उडून येतो असं आपल्याला वाटतं. पण हिवाळ्यातही तो बहुधा इथंच असतो, पानांआड लपलेला. फक्त गप्प असतो. दिवस मोठा होऊ लागला की वाढलेल्या उजेडाचा त्याच्या शरीरावर परिणाम होतो, आणि त्याचा गळा उघडतो.

मग तो इतकं जीव तोडून कोणाला बोलावतो? मादीला. ‘मी इथं आहे, ये’ असं तिला सांगतो आणि दुसऱ्या नरांना ‘हा लिंब माझा’ म्हणून बजावतो. नीट ऐका हं. एक कुहू, मग दुसरी जरा चढ्या आवाजात, तिसरी आणखी वर. आणि मग एकदम शांतता. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे तो आनंदीही नाही आणि दुःखीही नाही. तो हाक मारतोय. ज्याच्या मनात आधीच एक हाक असते, त्याला ती हाक आपलीच वाटते. बेंबळीची मैत्रीण मनातल्या मनात रोज ‘आई’ म्हणत असणार. तेवढ्यात लिंबावरून कोणीतरी मोठ्यानं हाक मारली. डोळ्यांत पाणी येईल नाही तर काय?

आणि असं वाटणारी ती पहिली नाही, बरं का! तिच्याच मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी माणसांना अगदी असंच वाटत होतं. त्याचा लेखी पुरावा आहे.

बेंबळी आहे धाराशिव तालुक्यात. त्याच तालुक्यात तेर नावाचं गाव आहे. संत गोरा कुंभारांचं तेर. सातवाहन राजांच्या काळात त्याचं नाव होतं तगर. तिथलं कापड गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी, पार गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. एका ग्रीक व्यापाऱ्यानं हे तेव्हाच लिहून ठेवलंय. आता विचार करा, त्या गाड्यांबरोबर माणसंही जात असणार. महिनोन्‌महिने जात असणार. घरी मागं कोण राहत असेल?

मागं राहिलेल्यांच्या कविता आपल्याकडे आहेत! पुस्तकाचं नाव ‘गाथासप्तशती’. सप्तशती म्हणजे सातशे. हाल नावाच्या सातवाहन राजानं त्या गोळा केल्या, असं मानतात. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. यातली प्रत्येक कविता फक्त दोन ओळींची! त्यात गोदावरी आहे, आंब्याचा मोहोर आहे, शेतं आहेत, पोपट आहेत. परगावी गेलेल्या माणसाची वाट पाहणारी बाईही आहे. मोहोर आला, वसंत आला, आणि माणूस काही अजून आला नाही. मग तो मोहोर गोड लागत नाही, टोचतो. तेव्हा गाड्या भडोचला जायच्या, आता ऊसतोडीला जातात. वाट पाहणं मात्र तेच.

आता जरा लांब जाऊ. जपानमध्ये फार छोटी कविता लिहितात. तिचं नाव हायकू. जपानीत ती पाच, सात, पाच अशा एकूण सतरा ध्वनींची असते, आणि तिच्यात ऋतूची खूण असावी असा रिवाज आहे. एखादं फूल, पाऊस, पक्षी. ‘वसंत’ असं म्हणावं लागत नाही. उगुइसु नावाचा छोटासा पक्षी बोलला की वाचणाऱ्याला कळतं, वसंत आला.

या हायकू लिहिणाऱ्यांत इस्सा नावाचा एक कवी होऊन गेला. जन्म १७६३चा. तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याची आई वारली आणि आजीनं त्याला सांभाळलं. पुढं त्यानं चिमण्या, बेडूक, माश्या असल्या लहानसहान जिवांवर खूप हायकू लिहिले. आई नसलेल्या चिमणीच्या पिल्लाशी बोलणारा त्याचा हायकू तर जगभर वाचतात. त्यात तो ‘मी दुःखी आहे’ असं म्हणत नाही. त्या पिल्लाला फक्त खेळायला बोलावतो. पण आपल्याला सगळं समजतं.

मराठीत हायकू रुजवले ते कवयित्री शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांच्या त्या कन्या. जन्म १९२९चा. २०१७ साली त्या गेल्या. खिडकीत बसलेला पक्षी, गळणारं पान असं काही दिसलं आणि मनात काही हललं, की त्या तीन ओळीत टिपून ठेवायच्या. मराठीत अक्षरं मोजण्याचा फारसा आग्रह धरत नाहीत. तीन ओळी आणि एक क्षण, एवढं पुरतं.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. बेंबळीच्या मैत्रिणीनं पत्रासोबत एक कविता पाठवलीय. चांगली सोळा ओळींची. तिच्यात ‘मी फार दुःखी आहे’ असं तीनदा आलंय, ‘वसंतऋतू’ दोनदा आणि ‘ऋतुराज’ एकदा. कविता वाईट नाही. पण ती आपल्यापैकी कोणीही लिहिली असती. मी पान उलटलं, तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. बहुतेक तिनं त्या सहज लिहिल्या असाव्यात. वाचा :

गल्लीत सात कुलपं
लिंबावर कोकीळ
ओरडतो, थांबतो, ओरडतो

वाचलंत? आता पुन्हा एकदा, सावकाश.

यात ‘एकटं’ हा शब्द कुठंच नाही. पण सात कुलपं आहेत. म्हणजे सात घरची माणसं गेलीत, हे तिनं मोजलंय. ज्याला कोणाची आठवण येत नाही तो शेजारची कुलपं मोजत बसत नाही. आणि तिसऱ्या ओळीतला तो ‘थांबतो’ पाहा. कोकीळ का थांबला? कोणी उत्तर देतंय का, हे ऐकायला थांबला असेल का? तसं तिनं लिहिलेलं नाही. ती जागा तिनं आपल्यासाठी मोकळी ठेवली. छोट्या कवितेची सगळी करामत त्या मोकळ्या जागेत असते.

आता तुमच्यासाठी उद्योग. घाबरू नका, परीक्षेचा वेळ खाणार नाही. उद्या सकाळी पाच मिनिटं दाराबाहेर किंवा गच्चीत बसा. पक्षी कोकीळच हवा असं नाही. पिंपळावर तांबट ‘टुक्‌ टुक्‌’ करत असेल, तारेवर होला घुमत असेल, नाही तर आपला कावळा आहेच. (त्याला हसू नका. कोकिळा आपली अंडी त्याच्याच घरट्यात घालते. कोकिळाचं पोर तोच वाढवतो!) काय ऐकलं, काय दिसलं, ते तीन ओळींत लिहा. अट एकच. ‘आनंद’, ‘दुःख’, ‘सुंदर’ आणि ‘एकटं’ हे चार शब्द वापरायचे नाहीत.

पालकांनाही दोन शब्द. मूल ‘मला एकटं वाटतं’ म्हणालं, की आपण पटकन ‘त्यात काय रडायचं?’ म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. पाच मिनिटं शेजारी बसा. त्याला कोणता पक्षी ऐकू येतोय, ते विचारा. पुष्कळदा पोरं पक्ष्याबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल सांगून टाकतात.

आणि बेंबळीच्या मैत्रिणी, तुला एक शेवटची गोष्ट. दिवाळी झाली की कोयते घेऊन माणसं जातात, तेव्हा कोकीळ गप्प असतो. तो बोलायला लागतो तेव्हा ऊस संपत आलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडतो आणि बिऱ्हाडं गावाकडं निघतात. म्हणजे तुझ्या लिंबावरचा तो काळा गडी जायच्या दिवसांचा नाही, यायच्या दिवसांचा पक्षी आहे. आज संध्याकाळी आईचा फोन आला, की अभ्यासाचं नंतर सांग. आधी तुझ्या तीन ओळी वाचून दाखव. तिकडं कोपीशेजारच्या झाडावरही एखादा कोकीळ असेल, आणि आईही तो ऐकत असेल.

सातातलं पहिलं कुलूप उघडलं की मला कळवशील ना?

तुमचा,
काका