राखणदाराची राखण

बालदोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. अंगावर राखाडी झगा, झग्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर हाडाचा छोटासा तुरा आणि अनोळखी माणूस दिसला की सगळी आळी डोक्यावर घेणारा आवाज. सांगा पाहू, हे कोण?

ओळखलंत ना? गिनी फाउल! कुणी तिला गिनी कोंबडी म्हणतं. आपण लाडानं नुसतं ‘गिनी’ म्हणू या. पश्चिम आफ्रिकेच्या किनारपट्टीला पूर्वीपासून गिनी म्हणत, त्यावरून हिचं हे नाव पडलं. आफ्रिकेच्या माळरानांवर आजही रानटी गिन्यांचे थवे हिंडतात. आपल्याकडे शेतावर, वाडीत हौसेनं त्या पाळतात. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे तयार केलेल्या गिनींच्या जातींची नावं ऐका: कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. आहेत की नाही झोकदार?

गिनी पाळायचं एक मोठं कारण म्हणजे तिची राखण. कुत्रा आला, साप दिसला, आकाशात घार फिरू लागली, की एक गिनी ओरडते आणि मग अख्खा थवा तिला साथ देतो. घरच्या कोंबड्यासुद्धा तो गलका ऐकून झुडपाखाली पळतात. शिवाय गवतातले टोळ, नाकतोडे, गोचिडी टिपायचं काम दिवसभर चालूच!

पण मित्रांनो, हा राखणदार फक्त दिवसपाळीचा आहे, बरं का. अंधार पडला की गिनीला नीट दिसत नाही. रानात ती रात्री झाडावर बसते. आपल्याकडेही मोकळी सोडली तर आंब्यावर नाहीतर छपरावर जाऊन बसेल. तिथे हुमा घुबड तिला सहज उचलतं. खाली उतरली तर कुत्री आणि कोल्हे आहेतच. म्हणजे दिवसा ती आपल्याला राखते आणि रात्री आपण तिला राखायचं, असा हा करार आहे.

हा करार मोडला की काय होतं? एका वाचकमित्रानं पत्रात लिहिलंय. त्यांच्या खुराड्यात रात्री मुंगूस शिरलं. सकाळी पाहतात तर सात गिन्या मेलेल्या, आणि खाल्लेली जेमतेम एक. पत्रात पुढे विचारलंय, “मुंगूस इतकं दुष्ट का असतं? घरचे म्हणतात विष ठेवू या. ठेवू का?”

वाचून वाईट वाटलं. पिल्लापासून वाढवलेले पक्षी असे गेले की घास गिळवत नाही. पण दोस्ता, मुंगूस दुष्ट नाही. रानात ते एका पक्ष्यावर झडप घालतं, तेवढ्यात बाकीचे उडून जातात. खुराड्यात मात्र उडून जायला जागाच नसते. पक्षी पंख फडफडवत समोरच आपटत राहतात आणि शिकारी प्राणी फडफडणाऱ्या प्रत्येक पक्ष्यावर झेप घेत सुटतो. पोट भरलंय की नाही, याचा त्या वेळी संबंध नसतो. कुत्र्याचंही असंच होतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: मुंगूस आत शिरलं कुठून?

चला, तर मग आपण खुराडं नीट पाहू या. शिकाऱ्याला आत यायच्या वाटा मुख्य चार.

पहिली वाट जाळीतून. कोंबड्यांसाठी बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते. शिकाऱ्याला बाहेर ठेवेलच असं नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. लहान साप आणि उंदीर भोकातून आरामात जातात. म्हणून खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाच्या भोकांची, जाड तारेची, सांधे जोडलेली जाळी लावायची. लक्षात ठेवा, मुंगसाचं डोकं जिथून शिरतं तिथून बाकीचं अंगही शिरतं.

दुसरी वाट जमिनीखालून. कुत्रा, कोल्हा, घूस हे सगळे उकरण्यात पटाईत. पण ते उकरतात कुठे, तर भिंतीच्या अगदी बुडाशी. म्हणून जाळी जमिनीत फूटभर पुरायची. कातळ असेल आणि पुरता येत नसेल, तर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरायची आणि वर दगडमाती घालायची. प्राणी बुडाशी उकरू लागला की नखं जाळीला लागतात. फूटभर मागे सरकून उकरावं, हे सहसा त्याला सुचत नाही.

तिसरी वाट वरून. उदमांजर आणि रानमांजर झाडावर चढणारे. खुराड्यावर झाडाची फांदी आली असेल तर ती छाटा. कौलं आणि पत्रा यांच्यात फट असेल तर ती जाळीनं बंद करा. पण हवा खेळायला हवी, म्हणून छपराजवळच्या खिडक्या बुजवू नका. त्यांनाही जाळी लावली की झालं.

चौथी वाट दारातून, आणि हीच सगळ्यांत सोपी! दोरीनं बांधलेलं दार कुत्रा ढकलून उघडतो. दाराला कडी-कोयंडा हवा आणि कोयंड्यात खिटी हवी. आणि हो, कडी असून ती लावली नाही, तर जाळीला घातलेले पैसे पाण्यात.

आता आतली सोय. दहा गिन्यांसाठी आठ फूट लांब, पाच फूट रुंद जागा पुरे. तीन-चार फुटांवर आडवे बांबू बांधा, कारण गिनीला उंच बसायला आवडतं. मात्र बांबू जाळीला चिकटून नकोत. बाहेरून पंजा घालून पक्षी ओढता येणार नाही इतके आत हवेत. जमिनीवर भाताचं तूस पसरा. दाणे झाकणाच्या डब्यात ठेवा. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग नाग येतो. गिन्या असल्या की साप येत नाही असं पुष्कळ जण सांगतात. खरी गोष्ट अशी, की गिनी सापाला पाहून ओरडते, लहानसहान सापाला टोचतेसुद्धा. पण गिनीची अंडी आणि पिल्लं हे सापाचंच खाणं आहे.

तुम्ही म्हणाल, “खुराडं झालं, पण गिन्या आत येतात कुठे?” अगदी खरं! गिनी अंधाऱ्या खोलीत शिरायला घाबरते. त्यावर युक्ती आहे. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी खुराड्यात छोटा दिवा लावा. वीज जात असेल तर सौरदिवा चालेल. मग मूठभर बाजरी आत टाका आणि रोज एकच हाक मारा. नव्या आणलेल्या गिन्या निदान सहा आठवडे आतच ठेवा, म्हणजे त्यांना घर कळतं. नंतर एकदम सगळ्या सोडू नका. दोन सोडा, बाकीच्या आत राहू देत. गिनीला थव्याशिवाय करमत नाही, त्यामुळे त्या दोघी खुराड्याभोवतीच घुटमळतात. हळूहळू संख्या वाढवा. काही जण पंख कापतात. तसं करू नका. कुत्रा मागे लागला तर उडून फांदीवर बसणं हाच तिचा बचाव असतो.

आणखी एक गंमत. गिनीची अंडी खुडुक बसलेल्या गावठी कोंबडीखाली ठेवली तर ती बिनबोभाट उबवते. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, गिनीच्या अंड्याला २६ ते २८. अशी पिल्लं संध्याकाळी कोंबडीआईच्या मागोमाग घरी येतात आणि ती सवय अंगी लागते. गिनी स्वतः मात्र उंच गवतात लपून अंडी घालते, त्यावर रात्रंदिवस बसते आणि तिथेच कोल्ह्याच्या किंवा मुंगसाच्या तोंडी पडते. म्हणून अंड्यांच्या दिवसांत गिन्यांना दुपारपर्यंत आतच ठेवा. तरीही एखादी बेपत्ता झाली तर नर कुठे उभा राहून पहारा करतोय ते पाहा. घरटं तिथेच जवळपास असतं. नर कसा ओळखायचा? दोन सुरांत ‘बक्-व्हीट, बक्-व्हीट’ ओरडते ती मादी. नराला हे दोन सूर काढता येत नाहीत.

पिल्लं फार नाजूक असतात. ओल्या गवतात भिजली की गारठून मरतात. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्या. त्यांच्या खोक्यालाही जाळीचं झाकण हवं, कारण उंदीर आणि मांजर त्यांच्यावर टपलेलेच असतात. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, म्हणजे पिल्लं बुडणार नाहीत.

आता विषाबद्दल, आणि हे आईबाबांनाही वाचून दाखवा. विष मुंगसाला ओळखून त्याच्याच पोटात जात नाही. ते घरचा कुत्रा खातो, मांजर खातं, विष खाऊन मेलेला उंदीर घुबड खातं. अंगणात लहान मूल खेळत असेल तर विचारच नको! शिवाय मुंगूस, घोरपड, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण दिलंय. त्यांना मारणं गुन्हा आहे. आणि एक मुंगूस मारलं तरी भोक तिथेच राहतं. उद्या दुसरं येईल. विषाच्या पैशांत जाळी येते, ती बरीच वर्षं टिकते.

तुमचं काम एकच, पण रोजचं. संध्याकाळी गिन्या मोजायच्या, कडी लावायची, खिटी घालायची आणि वहीत आकडा लिहायचा. परीक्षा असो, पाहुणे असोत, टीव्हीवर क्रिकेटचा सामना असो, एका दिवसाचीही सुट्टी नाही. सहलीला जाणार असाल तर काम कुणाला सोपवलंय ते आधी ठरवा. जुन्नर, आंबेगावसारख्या बिबट्याचा वावर असलेल्या भागात राहत असाल तर सूर्य मावळायच्या आत, मोठ्या माणसाला सोबत घेऊनच खुराड्याकडे जा. परत आल्यावर साबणानं हात धुवायला विसरू नका.

शहरातल्या दोस्तांनो, गॅलरीत गिनी पाळायचा हट्ट मात्र नको! तिला पळायला मोकळी जागा लागते आणि तिचा आवाज शेजाऱ्यांना सोसवणार नाही. तुम्ही सुट्टीत गावी गेलात की आजोळच्या खुराड्याभोवती एक फेरी मारा आणि चारही वाटा तपासा. कुठे फट सापडली ते आम्हाला पत्रानं कळवा. आणि हो, पत्र लिहायच्या आधी ती बुजवा!