गुण भरून निघाले, धड्याचं काय?

मे महिन्यात निकाल लागतात आणि आमच्या अंबरनाथमधल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक वेगळीच गर्दी सुरू होते. ‘विज्ञानाचा प्रोजेक्ट आहे का हो तयार?’ असं विचारणाऱ्या आयांची. थर्माकोलचा ज्वालामुखी, रंगवलेली सूर्यमाला, छापील चित्रं चिकटवलेला तक्ता, सगळं मिळतं. मुलाचे विज्ञानात गुण कमी पडलेले असतात, बाईंनी प्रकल्प करून आण म्हटलेलं असतं. आई पैसे मोजते, वस्तू शाळेत पोचते, गुण भरून निघतात. विज्ञान मात्र दुकानातच राहतं!

प्रकल्पाला माझा विरोध नाही, उलट मी त्याच्या बाजूची आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. पाठांतरात मागे असलेली, पण हाताने काम करताना नेमकं निरीक्षण करणारी मुलं-मुली मी तिथे पाहिल्यात. अशांना तीन तासांच्या पेपराशिवाय दुसरी संधी मिळायलाच हवी. आपल्या राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प यांना गुण मिळाले, ते याच विचाराने. पुढे डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. त्या दोन महिन्यांत तेच प्रश्न पुन्हा घोकून घ्यायचे, की राहून गेलेला धडा खरोखर समजावून द्यायचा? माझं म्हणणं एवढंच, की प्रकल्पाची खरी जागा इथे आहे.

आमच्याच चाळीतली एक मुलगी घ्या. वडील आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटावर, आई पॅकिंगला. आठवीत आम्ल-आम्लारीच्या धड्यात तिची गाडी अडली. आईने ज्वालामुखी विकत आणला. खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं की फेस येतो, तोच. मी तिला सहज विचारलं, ‘फेस का येतो गं?’ ती म्हणाली, ‘काकू, तो तसाच येतो.’ आता हा प्रयोग आम्ल आणि आम्लारी यांचाच! जो धडा राहिला होता, त्याचंच उत्तर तिच्या हातात होतं आणि ते तिला कोणी विचारलंच नाही.

बायांनो, या धड्याचं सामान तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे आपल्याला कोणी शिकवलं? हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेही हेच रसायन. त्या लाल हळदीवर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी होते. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी लिंबाने गडद गुलाबी होतं, साबणाच्या पाण्याने हिरवट. ताक, चिंच, सोडा, चुना, एकेक वस्तू तपासून वहीत लिहायला लावा. मग तिच्या वडिलांना विचारू दे, कारखान्यातल्या आम्लाच्या सांडपाण्यात चुना कशाला घालतात? जे काम बाबा रोज बघतात, तेच पुस्तकात आहे हे कळलं की मुलीला धडाही कळतो आणि बाबांची किंमतही.

आपल्याकडे तर हे कळणं गुणांपुरतं नाही. रस्त्यावरच्या टँकरवर नारिंगी पाटी असते. तिच्यावर १८३० आकडा असला तर आत गंधकाम्ल, हे किती घरांत ठाऊक आहे? २०१४ साली वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात जावं लागलं. अशा गावातल्या मुलीला आम्ल म्हणजे काय ते माहीत नसणं परवडणारं नाही. (मात्र प्रकल्पासाठी म्हणून मुलांना नाल्यावर पाठवू नका. घरातलं सामान पुरतं.)

कोणी म्हणेल, मग वर्षभर अभ्यास करणाऱ्यांवर हा अन्याय नाही का? फुकट गुण वाटले तर नक्कीच आहे. म्हणून शाळांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्या धड्यात गुण गेले, त्याच धड्याचा प्रकल्प द्या. विकतची वस्तू घेऊ नका, चुकलेल्या निरीक्षणांसकट हाताने लिहिलेली वही घ्या. आणि पाच मिनिटं समोर उभं करून ‘का?’ विचारा, गुण त्या उत्तरांचे द्या. वर्गात साठ मुलं असतात, बाईंवर ओझं असतं, हे मान्य. पण मागे पडलेली मुलं त्यातली थोडीच असतात, आणि पाच मिनिटांची खरी गरज त्यांनाच असते.

आणि आपण आयांनी? कात्री आणि गोंद बाजूला ठेवायचा. अक्षर वाकडं येऊ दे, तक्ता फाटका दिसू दे. दहावीला विज्ञानाचे ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे असतात. तिथे आईचा हात पोचत नाही. आईसारखं पॅकिंगला उभं राहायचं की प्रयोगशाळेत, हे ठरवायची संधी त्या मुलीला मिळायला हवी. ती थर्माकोलच्या ज्वालामुखीने नाही मिळणार, चिमूटभर हळद आणि एका ‘का?’ने कदाचित मिळेल.