भट्टीवर गेलेल्यांची नावे पुसू नका

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या गावपाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन बंधू-भगिनींनो,



होळीला आमच्या पाड्यावरची एक वहिनी वीटभट्टीवरून परतली. माझ्या हाती फोन देत म्हणाली, "आपला ग्रुप दिसत नाही, बघ ना." ग्रुप होता तिथेच होता, तिचा नंबर त्यात नव्हता. मधल्या काळातले रेशनचे आणि दाखल्यांच्या शिबिराचे निरोप तिला मिळालेच नाहीत.

दिवाळीनंतर आपली कितीतरी घरे वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात. रिचार्ज संपतो, फोन बंद पडतो. 120 दिवस न वापरलेले खाते व्हॉट्सॲप सहसा काढून टाकते आणि नंबर ग्रुपमधूनही गळतो. दिवाळी ते होळी, जवळजवळ तेवढेच दिवस. त्यात काही ॲडमिन 'हे बघतच नाहीत' म्हणून स्वतःच नावे काढतात. ॲडमिनने काढलेल्याला लिंकवरून परत येता येत नाही, त्याला ॲडमिननेच घ्यावे लागते.

कुणालाच काढू नका, असे मी म्हणत नाही. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्यात जमावाच्या मारहाणीत तीन जीव गेले. मुले पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्याआधी परिसरात पसरली होती. असा मेसेज दिसताच डिलीट करा, टाकणाऱ्याला रोखा. पण ग्रामपंचायतीच्या खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यालाही तीच शिक्षा नको. सदस्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले आहे. तेव्हा भीतीपोटी कुणाला काढू नका.

1988 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या आयआरसी या चॅटमध्ये 'बाहेर आहे' अशी नोंद ठेवता येई. निरोप धाडणाऱ्याला ती आपोआप कळे. भट्टीवर गेलेल्यांची तशीच नोंद आपण वहीत ठेवू.

तीन विनंत्या आहेत. भट्टीवर, बोटीवर गेलेल्यांची यादी ठेवा आणि परतताच त्यांना जोडा. कुणाला काढलेच, तर कारण आणि मुदत ग्रुपवर लिहा. स्वतः बाहेरगावी जाताना दुसरा ॲडमिन नेमा. 2018 पासून धुंदलवाडी-तलासरी पट्ट्याने भूकंपाचे धक्के सोसलेत. अशा रात्री खरी बातमी सगळ्यांपर्यंत पोचायला हवी.

येत्या दिवाळीनंतर भट्टीचे टेम्पो पाड्यावर येतील. त्याआधी ती यादी लिहून ठेवा.

आपला,
डहाणू तालुक्यातला एक ग्रुप सदस्य